सत्तावीस वेळा फाशी गेलेला माणूस

(लातूरहून नांदेडला निघालेली एसटी. चाकूर मागं पडलंय. तिघांच्या बाकावर खिडकीशी पंचशीला, मधे केवळाबाई, कडेला रामलिंग.)

रामलिंग : कोणालाच खरं वाटत न्हाई अक्का, तुम्हालाबी वाटणार न्हाई. पण मला आजवर सत्तावीस वेळा फाशी झालीय.

केवळाबाई : आगं बया! मंग हितं कसे काय बसले?

रामलिंग : तिकीट काढून.

केवळाबाई : बाई, जरा खिडकीकडं सरका वो.

पंचशीला : घाबरू नका, मावशी. आमचं लातूरला वकिलीचं कॉलेज आहे. पोरं शिकावीत म्हणून खोटं कोर्ट भरवतो. एक पोरगा जज्ज होतो, दोघं वकील होतात आणि आरोपी नाहीतर साक्षीदार म्हणून कायम हे रामलिंग मामा. लायब्ररीत शिपाई आहेत.

रामलिंग : नुसतं शिपाई म्हणू नका, मॅडम. किती वकील माझ्यावर हात साफ करून गेले! एकदा निलंग्याची पोरगी जज्ज होती. फाशी सुनावली आन स्वतःच रडाय लागली. म्या पिंजऱ्यातून उतरून तिला पाणी पाजलं, तव्हा कुठं निकालावर सही झाली.

केवळाबाई : काय सांगता!

रामलिंग : एका साली खरेखुरे जज्जसाहेब पाहुणे म्हणून आले. दुसऱ्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारात मी मेथी निवडून राहिलो, त्यांनी पाहिलं. ड्रायव्हरला म्हणले, अरे, ह्याला तर काल लटकवला! गाडी तिथंच टाकून पायी पळाले बघा.

केवळाबाई : आन साक्ष देता ती कशी?

रामलिंग : ती तर तोंडपाठ. ऐका. 'शपथेवर खरे सांगतो. दुपारी बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी मी मयतास विहिरीकडे जाताना पाहिले. अंगात निळा सदरा होता.' अकरा वर्षं झाली, एक अक्षर हललं न्हाई. ह्या मॅडमनीच लिहून दिलंय.

केवळाबाई : मंग इहिरीत ढकललं कोणी?

रामलिंग : ते दर साली बदलतंय. किती वाजले, अक्का?

केवळाबाई : थांबा, मोबाईल काढते. साडेधा. आत्ता चाकूरलाच तर सांगितलं होतं.

रामलिंग : दोनला हजर व्हायचंय, म्हणून.

पंचशीला : कुठं हजर व्हायचंय, तेही सांगा की मावशीला.

रामलिंग : राहू द्या, मॅडम.

पंचशीला : विद्यापीठात, मावशी. चौकशी समितीपुढं. माझ्या विरोधात साक्ष द्यायला निघालेत मामा.

केवळाबाई : तुमच्या इरोधात? आन एकाच बाकड्यावर बसून?

रामलिंग : दुसरी जागाच नव्हती, अक्का.

पंचशीला : मला तेच पटत नाही. आमच्या संस्थेचे सचिव आहेत, किशनराव. त्यांची गाडी सकाळी कॉलेजपुढं उभी होती. ती सोडून तुम्ही नेमके याच एसटीत, याच बाकावर? माझ्या मनातलं काढून घ्यायला पाठवलंय का?

रामलिंग : न्हाई वो. त्यांच्या गाडीतून उतरताना कोणी पाहिलं तर साक्षीवर शक येतो, म्हणले ते.

पंचशीला : 'म्हणले ते.'

रामलिंग : हे बघा, आधी तुमचा मोबाईल पर्समधे घाला. काही चालू करून ठेवलंय का त्यात?

पंचशीला : तुमचाच बघा. खिशातून मघापासून उजेड पडतोय.

रामलिंग : उज्ज्वलाचा फोन येऊन राहिला. जुनं डबडं हाय, टाइमबी चुकीचा दावतंय.

केवळाबाई : उज्ज्वला कोण?

रामलिंग : सून हाय. आमच्याच कॉलेजात क्लार्क. टेम्परवारी. फुटाणे घ्या, मॅडम.

पंचशीला : नको.

रामलिंग : इख न्हाई घातलं त्यात.

पंचशीला : मला काय माहीत, मामा? महिना झाला, कॉलेजच्या माठातलं पाणीसुद्धा पीत नाही मी.

केवळाबाई : पर झालं काय एवढं, बाई?

पंचशीला : कॉलेजात पोरं कमी पडायला लागली, मावशी. बंद पडायची वेळ आली. मग किशनरावांनी चौदा जण असे भरले की नाव लावायचं आणि वर्गात यायचंच नाही. त्या खोट्या कोर्टाची पायरी एकानंही चढली नाही. पण गुणांच्या यादीत चौदाच्या चौदा जणांना शंभरातले नव्वद. आणि खाली माझी सही.

केवळाबाई : तुमी केली?

पंचशीला : नाही. यादी लायब्ररीच्या कपाटात असते. किल्ली मामांकडं.

केवळाबाई : मंग कोणी केली?

पंचशीला : मामांनी दोन ओळी लिहून दिल्यात. 'मॅडमनी माझ्यासमोर सही केली.' बस, एवढंच. अकरा वर्षं मी तिथं तासिकेवर शिकवते. अजून पक्की नाही. आज समितीनं ह्यांचं खरं धरलं, तर कुठलंच कॉलेज मला दारात उभं करणार नाही.

केवळाबाई : आन ह्यांची सून?

पंचशीला : ती पक्की होणार म्हणे.

रामलिंग : त्याचा आन ह्याचा काही संबंध न्हाई.

पंचशीला : तिच्या ऑर्डरीवर तारीख काय आहे, मामा?

रामलिंग : ते इंग्रजीत हाय सगळं. मला कुठं वाचता येतंय?

पंचशीला : म्हणजे ऑर्डर निघाली.

रामलिंग : अहमदपूर आलं वाटतं.

पंचशीला : नाही आलं.

रामलिंग : तुम्ही आता वकील होऊन विचारून राहिल्या, मॅडम. असं एसटीत चालत न्हाई. किती वाजले, अक्का?

केवळाबाई : पावणेअकरा. दादा, मला कायदा कळत न्हाई. पर ही बाई रातभर झोपल्याली दिसंना. कसं झालं ते मला सांगा. पयल्यापासून.

रामलिंग : सांगतो की. भ्यायचंय काय त्यात? शनिवार होता. लायब्ररीत चिटपाखरू न्हाई. मी कपाट पुसून राहिलो. तेवढ्यात खिडकीतून एक वानर आत आलं. एवढं मोठ्ठं, आपल्या कंडक्टरएवढं. आलं ते सरळ फौजदारीच्या पुस्तकाकडं. उघडलं, दोन पानं चाळली, आन तोंड वाकडं करून...

पंचशीला : जबाबात वानर नाही.

रामलिंग : व्हतं. किशनरावांनी काढाय लावलं.

पंचशीला : आणखी काय काय काढायला लावलं? आणि काय घालायला लावलं?

केवळाबाई : थांबा, बाई. सांगू द्या त्यांना. वानर गेलं. मंग?

रामलिंग : मंग मॅडम आल्या. म्हणल्या, मामा, यादी काढा. म्या काढून दिली. उभ्या उभ्याच सही केली त्यांनी. निळा पेन व्हता. दुपारी बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी.

केवळाबाई : चार वाजून धा?

रामलिंग : बरोबर चार वाजून दहा.

केवळाबाई : तिथं भिंतीवर घड्याळ हाय का?

रामलिंग : हाय की. बंद हाय दिवाळीपासून.

केवळाबाई : आन तुमच्या हातात घड्याळ न्हाई. लातूर सोडल्यापासून मलाच टाइम इचारून राहिले. ते मयत इहिरीकडं गेलं तव्हाबी चार वाजून धा, आन ह्या बाईनं सही केली तव्हाबी चार वाजून धाच?

पंचशीला : मामा...

रामलिंग : किती... किती वाजले, अक्का?

केवळाबाई : आता तुमीच सांगा.