माहेरचं नाव

(पार्लरची आतली खोली. आरशासमोरच्या खुर्चीत मालकीण, तिच्यामागे थोरली. थोरलीच्या हातात केस सरळ करायची तापलेली इस्त्री. कोपऱ्यात जाड पडदा.)

मालकीण : ...आणि मान अशी मागे ओढू नकोस गं. परवा मुलाचं लग्न आहे. मान आखडली तर फोटोत काय दिसेन?

थोरली : चुकलं, मॅडम. एवढी एक बट मोकळी केली की झालं.

मालकीण : धाकटी बहीण कशी आहे तुझी?

थोरली : जिना चढवत नाही तिला. धाप लागते, मध्येच बसते. मग मी खाली जाऊन हाताला धरून आणते.

मालकीण : मुळातच नाजूक पोरगी. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे काम दणकट बाईचं आहे.

थोरली : तुमच्याकडे लागली तेव्हा हाच जिना धावत चढायची ती. पाण्याचे कॅन वर कोण आणायचं? तीच.

मालकीण : हे बघ थोरले, उद्या तिच्या दुखण्याच्या चौकशीला साहेब येतील, तेव्हा हे रडगाणं लावू नकोस. केस सरळ करायच्या त्या निळ्या बाटलीवर काय लिहिलंय? फॉर्मल्डिहाइड-मुक्त. चांगलं ठळक छापलंय. वाचलं, विश्वास ठेवला. आत काय आहे ते मला काय स्वप्नात दिसणार होतं?

थोरली : हेच सांगणार उद्या?

मालकीण : हेच. आणि तूही हेच सांगायचंस. तुझी खुर्ची शाबूत राहील, मी आहे ना.

थोरली : बरं. डोकं सरळ ठेवा, इस्त्री गरम आहे.

मालकीण : दार का लावून घेतलंस? आणि तो वरचा पंखा?

थोरली : सवय, मॅडम. वास बाहेरच्या गिऱ्हाइकांपर्यंत जातो म्हणून तुम्हीच बंद ठेवायला लावलात.

मालकीण : अगं, ते बाटलीतलं औषध लावायच्या कामाला. मी केसांना साधा क्रीमचा मास्क लावायला सांगितलाय.

थोरली : मास्क संपला. निळ्या बाटलीतलं लावलंय.

मालकीण : काय लावलंस?

थोरली : निळी बाटली. रोज सगळ्यांना लावतो ती. हलू नका हं, पहिली बट घेते.

मालकीण : इस्त्री खाली ठेव! आधी खाली ठेव ती!

थोरली : का? मुक्त आहे ना?

मालकीण : कसलं डोंबलाचं मुक्त! माहेरी येतं ते तापल्यावर!

थोरली : माहेरी?

मालकीण : अगं तो कंपनीचा माणूस तसं म्हणायचा... सोड केस!

थोरली : काय म्हणायचा? नीट सांगा. मला कळल्याशिवाय मी इस्त्री कशी थांबवू? ही बघा, वाफ यायला लागली.

मालकीण : फॉर्मल्डिहाइड पाण्यात घातलं की पाण्याशी जोडलं जातं, आणि मग त्याचं नाव मिथिलीन ग्लायकॉल! सासरचं नाव, म्हणे. बाटलीवर तेच बारीक अक्षरात छापतात. चटका बसला की पाणी सुटतं आणि हे परत माहेरच्या नावावर! तो विषारी वायू सगळा नाकात, छातीत जातो. पंखा लावल्याशिवाय, खिडकी उघडल्याशिवाय करूच नका म्हणून त्याने बजावलं होतं! आता तरी उघड ती खिडकी, माझे डोळे चुरचुरतायत!

थोरली : कोणाला बजावलं होतं?

मालकीण : मला! आणखी कोणाला?

थोरली : म्हणून ते काम चालू असताना तुम्ही कधी आत यायचा नाहीत. काचेवर अंगठीने टकटक करून बाहेरूनच हाक मारायचात. आम्हाला वाटायचं, मॅडमना आमच्या अंगाचा वास सोसत नाही.

मालकीण : थोरले, तू... आधी खिडकी उघड. मग काय ते बोलू.

थोरली : कशाला? तुमच्या केसांना पाणी लावलंय, मॅडम. नळाचं पाणी आणि चमचाभर कंडिशनर. वाफ पाण्याची. निळी बाटली सकाळीच साहेबांच्या हवाली करून आले.

मालकीण : पण माझे डोळे...

थोरली : ते भीतीने. धाकटीचे खरोखर चुरचुरायचे, तेव्हा तुम्ही म्हणालात, नाटकं करते.

मालकीण : असा सूड घेतेस? माझं मीठ खाऊन? उद्या मी यातलं एक अक्षर कबूल करणार नाही. तुझं कोण ऐकणार आहे?

थोरली : धाकटे, ऐकलंस का गं?

धाकटी : (पडद्यामागून) ऐकलं, ताई. इथं काम करणाऱ्या आम्ही चौघींनी ऐकलं.

मालकीण : ही... ही वर कशी आली?

धाकटी : बसत बसत आले, मॅडम. तुम्ही यायच्या खूप आधी निघाले होते.

मालकीण : हे बघा पोरींनो, बसून बोलू. घरचीच माणसं ना आपण? परवा लग्न आहे गं माझ्या घरी. काय हवंय तुम्हाला?

थोरली : हवं होतं ते मिळालं. मला वाटलं होतं, तुम्हाला असं घाबरलेलं बघून थोडं तरी वाईट वाटेल. नाही वाटलं.

मालकीण : सोड मला. जाऊ दे.

थोरली : थांबा, केस कोरडे करून देते. ओल्या केसांनी बाहेर पडू नका. नाजूक आहात.