होडीसारखी माखलेली गाडी

दवाखान्यात बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. शेजारच्या बाकावर दिवस भरत आलेली एक बाई नवऱ्याशी बोलत होती.

“अहो, घ्या ना ती पूर्णगडची जुनी गाडी. बाळाला तिच्यातूनच घरी आणू.”

“इंजिन गोड आहे गं. पण तळाला काजूच्या टरफलांचं काळं तेल फासलंय, होडीला फासतात तसं.”

“मालक होडीवालेच ना! तेलाने गंज धरत नाही.”

“धरलेला दिसतही नाही. तुझ्या केसांतला आकडा खिशात होता, त्याने टोचून बघितलं.”

“मग?”

“आरपार गेला. खालच्या पुळणीची वाळू दिसली.”

“अगंबाई! गाडीत बसून पुळण बघायची. बाळाला किती आवडेल!”

“पाय जाईल त्याचा खाली.”

तिने पोटावर हात ठेवला.

“मग एस.टी.नेच येऊ. खिडकीत रुमाल तेवढा टाका, आम्हा दोघांसाठी.”