आसूढाळ

(अमळनेर, दुपार कलती. शालिग्रामनाना पलंगावर उशीला टेकून बसलेले, नात मेघा लॅपटॉप घेऊन शेजारी, सून सविता आत चुलीशी.)

नाना : आनि ह्या चांदन्या कसान्या? कोनले पाच, कोनले तीन.

मेघा : ते तारे आहेत, नाना. म्हणजे गुण. काळ्या घोड्याला वेगाचे पाच तारे, दमाचे तीन. पांढऱ्याला चार आणि चार.

नाना : दिधात कोनी?

मेघा : गेम बनवणाऱ्यांनी.

नाना : त्यासनी दात दखात का घोडाना?

मेघा : बहुतेक नाही.

नाना : दात दखा नही, खूर उचला नही, नि चांदन्या वाटी मोक्या. सोयरीक जमाडनारा बी इतला लबाड नही ऱ्हास.

मेघा : म्हणून तर तुम्हाला विचारतेय. अमळनेर स्टेशनावर चाळीस वर्षं टांगा हाकलाय तुम्ही. या गेममधला तबेलेवाला एकच घोडा देतो. एकदा घेतला की बदलून मिळत नाही. पुढे बर्फाचा घाट आहे, आणि घाटापलीकडे ड्रॅगन.

नाना : कोन?

मेघा : ड्रॅगन. पंख असलेला मोठा साप. तोंडातून आग काढतो.

नाना : मंग तठे जावानं कसाले, माय? घर बस ना.

सविता : तेच मी म्हणते. सुट्टी घेऊन पुण्याहून आली आणि चार दिवस झाले, घोडेच घेऊन बसलीये. नाना, व्यायामाची वेळ झाली. चेंडू कुठंय?

नाना : कोनता चेंडू?

सविता : रबरी. हाताने दाबायचा. व्यायाम शिकवायला येतात ते देऊन गेले तो.

नाना : रूपानी आंडेरले दिधा. भलता चांगला दाबस ती.

सविता : ऐक, मेघा. लकवा यांना झाला आणि व्यायाम शेजारच्या रूपाची पोर करतेय. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, हात परत यायचा तर पहिल्या तीन महिन्यांतच. त्यातले दोन गेले. मी रोज घसा कोरडा करते, पण पालथ्या घड्यावर पाणी. चहा ठेवतेय. आज कप उजव्या हातात धरायचा.

नाना : डावामाच दे. तो हात मरी गया, सविता. मरेलले कोनी चहा पाजत नही.

मेघा : नाना, असं नका ना बोलू.

नाना : घोडा दखाड तू.

मेघा : हा बघा काळा.

नाना : उभा काब्र शे? चालाड त्याले. आते मांगून दखाड. दखं का, मांगला पाय घसटस. घाटमा बसी जाई हाऊ.

मेघा : अहो, चालायची पद्धत सगळ्या घोड्यांना एकच दिलीये. एकाची काढायची आणि तीच बाकीच्यांना लावायची.

नाना : मंग बठ्ठाच लंगडा शेतस. धवया दखाड.

मेघा : हा पांढरा. देखणा आहे की नाही?

नाना : हाऊ नवरदेवना घोडा. बँड वाजना का नाचई. तुना त्या सापपुढे नाचीसन काय करई?

मेघा : मग राहिली ही एकच. घोडी आहे. कुमैत. दमाचे पाचच्या पाच तारे.

नाना : कुमैत? हाऊ शब्द तुले कोनी शिकाडा?

मेघा : तुम्हीच. मी बालवाडीत होते तेव्हा. लालसर अंग, काळी आयाळ, काळे पाय. जेवताना घोडा ओळखून दाखवला की गुळाचा खडा मिळायचा.

नाना : चालाड तिले. हां. कान दख तिना, कान. एक पुढे, एक मांगे. पुढला कान वाटवर, मांगला धनीना आवाजवर. मान बी चांगली शे. तोंड जोडे आन. आखो जोडे.

मेघा : हे घ्या. आता याहून जवळ येत नाही.

नाना : बंद कर.

मेघा : काय झालं?

नाना : ती नको. तो धवयाच लई ले.

मेघा : आत्ता तर कानाचं कौतुक चाललं होतं.

नाना : डोयाखाले दख. केससना भोवरा शे. आसूढाळ म्हनतस त्याले. आसू जठे पडस, तठेच भोवरा. असं जनावर दारशे बांधं का घरमा रडनं येस.

मेघा : नाना, ते चित्र काढणाऱ्याने नक्षी म्हणून काढलंय. कुठल्या तरी परदेशात बसला असेल बिचारा. त्याला आसूढाळ कुठून माहीत असणार?

नाना : त्याले नसई माहीत. माले शे.

मेघा : तुमच्या टांग्याच्या घोडीला, रतनला होता ना असा भोवरा?

नाना : कोनी सांगं तुले?

मेघा : फोटोत दिसतो. टांग्यापुढे तुम्ही ऐटीत उभे आहात आणि आजीने तिच्या मानेवर हात ठेवलाय.

नाना : धुरपदाना भलता जीव व्हता तिनावर. पहिली भाकर रतनले, मंग माले. मी म्हनू, बाई, नवरा मी शे. ती म्हने, टांगा ती वढस.

मेघा : मग विकलीत कशाला?

नाना : तुनी आजी गयी ना, त्याच साले. तेराव्याले बठ्ठा सोयरा बसनात. एक म्हने आसूढाळ, दुसरा म्हने आसूढाळ. घोडीनी बाई खादी म्हने. मी सारंगखेडानी जत्रामा लई गऊ नि इकी टाकी.

मेघा : आजी घोडीमुळे गेली?

नाना : कावीयवरी गयी. हळदनांगत पिवयी व्हई गयी व्हती. मी म्हनू, उतरी जाई. झाडपाला देत बसनू. दवाखानामा लई जावाले मीच उशीर कया.

मेघा : म्हणजे घोडीचा दोष नाही, हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं.

नाना : तव्हय बी माहीत व्हतं. पन चार लोक घोडीले बोलेत, तवलोंग माले कोनी बोलत नव्हतं.

मेघा : नाना...

नाना : आयकी ले आते पुरं. दुसरा साले मी परत जत्रामा गऊ. कसाले गऊ, माले बी नही समजनं. ती उनी व्हती तिना नवा धनीसंगे. मी एक मानूसशी बोली राहिंतू. तिनी मना आवाज आयका, दोर तानीसन खिंकाळनी. मी पाठ फिराई नि निंघी उनू. स्टँडलोंग तिना आवाज येत व्हता.

मेघा : हे कधीच कुणाला सांगितलं नाहीत?

नाना : कोनले सांगू? ह्याच हातवरी तिना दोर दुसराले दिधा. आते हाऊ हात गया. बराबर व्हयनं. मी काब्र त्याले चेंडू दाबाले लावू?

मेघा : म्हणून तुम्ही व्यायाम करत नाही? आईला तरी सांगायचंत.

नाना : तिले सांगं तर ती आखो एक म्हन सांगती.

मेघा : बरं. मीही काही समजावत नाही. पण मला ही आसूढाळच घ्यायचीये.

नाना : मंग ले. माले काय इचारस?

मेघा : तीच येत नाहीये. माणसाला बुजते. गेमच्या या रिमोटचं हे बटण धरून ठेवलं की लगाम हातात राहतो. सोडलं तर पळते, जोरात दाबलं तरी पळते. सकाळपासून तीनदा पळाली. ही बघा, चौथ्यांदा.

नाना : तू म्हैसनी धार नही काढी राहिनी, बाई. लगाम शे तो.

मेघा : मग कसं धरू?

नाना : अंगठा नुसता ठेवानं. ती तोंड वढस, तव्हय सैल सोडानं. थांबस, तव्हय धरानं. तिले वाटाले जोयजे, कोनी तरी शे आपलासंगे.

मेघा : असं?

नाना : असं नही.

मेघा : गेली परत. आता पाच झाले. अशाने रविवारी मी तबेल्यातूनच पुण्याला जाणार.

नाना : आन इकडे तुनं ते रिमोट.

मेघा : डाव्या हाताने नाही जमायचं. ते बटण उजव्या अंगठ्याचं आहे.

नाना : मंग ऱ्हाऊ दे.

मेघा : तुमच्या मांडीवर ठेवते. असा. हा तुमचा अंगठा बटणावर, आणि त्याच्यावर माझं बोट. दाबायचं काम माझं. कधी सोडायचं, कधी धरायचं, ते तुम्ही सांगा. मेलेला हात आहे ना? मग त्याला काय त्रास?

नाना : तू सगयी धुरपदावर गयी.

मेघा : आजीसारखी म्हणजे शहाणी?

नाना : हट्टी. दख, ती उनी. आते बोलू नको, आवाजवरी बिचकस.

मेघा : कान हलला.

नाना : दखा मी. सैल सोड. थोडं. आते धर. हां, माय, हां. ये. कोनी मारत नही तुले. तोंड वर करी राहिनी, करू दे. सैल. आते धर. मी शे. आठेच शे मी, कोठे जात नही.

मेघा : नाना.

नाना : बोलू नको म्हनं ना.

मेघा : मी माझं बोट केव्हाच काढून घेतलंय.

नाना : माले माहीत शे. गुपचूप बस.

सविता : चहा झाला. नाना, आज माझ्याशी भांडायचं नाही, मलाही कंटाळा आलाय त्याच त्या भांडणाचा. बरं, डाव्यात तर डाव्यात. धरा.

नाना : हाव, डावामाच दे, सविता. उजवा रिकामा नही.