बेलफळानं बरं झाल्याचा गुन्हा

मिलच्या डॉक्टरचं नाव काढू नका माझ्यापुढं! आठ दिवस गैरहजर धरलं त्यानं मला. दुष्काळाच्या साली रक्ताची हगवण लागली होती, अंथरुणातनं उठता येत नव्हतं. बायको माळशिरसची. तिनं कच्चं बेलफळ चुलीत भाजलं आन् त्याचा गर गुळातनं रोज चारला, तवा कुटं हगवण थांबली. कामावर गेलो आन् रजेसाठी दाखला मागितला.

डॉक्टर म्हणाला, "औषध कुणाचं घेतलंस?"

"बेलफळ खाल्लं की, सायेब."

"फळ खाऊन बरा झालास? मग तू आजारी नव्हतासच!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आन् मेलो असतो तर?"

म्हणतो कसा, "तर लगेच दिला असता की दाखला!"