हरभऱ्याचा नमुना आणि काळा धूर

सांगा बरं, ड्रायव्हर म्हणाला की गाडी पेट्रोल जास्त पितेय, तर विश्वास कुणावर ठेवाल? मी गाडीवर ठेवला.

त्या साली उदगीरचा जिल्हा होणार म्हणत होते, पण आला दुष्काळ. रानात दाणा उरला नाही, तसे उंदीर माझ्या धान्याच्या अडतीत शिरले. आमचा ड्रायव्हर भीमराव म्हणाला, "शेठ, गाडी पेट्रोल लई पिऊन राहिली."

"गाडी पिते, का तू विकतोस?" मी विचारलं. गाडीतल्या पेट्रोलच्या वहीत मी त्याच्या नावापुढं 'चोरी' लिहिलं.

आठवड्यानं बायकोला घेऊन माहूरला निघालो. चढावर गाडी हिसके द्यायला लागली. मागं काळा धूर, आत पेट्रोलचा उग्र वास. भीमरावनं गाडी थांबवून माझ्या बायकोला आधी उतरवलं. "काकू, लांब व्हा! शेठ, तुम्ही बी!" मग एकट्यानं बॉनेट उघडलं.

आत हरभऱ्याची टरफलं आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी! हरभरा माझाच, गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना मी गाडीतच ठेवत होतो.

माहूरहून आलेला मिस्त्री म्हणाला, "धूर तपासणाऱ्या सेन्सरची वायर तुटली. किती पेट्रोल लागतंय ते इंजिनाला कळंना, म्हणून जादा ओतत होतं. आणखी थोडं गेला असता तर पेटलीच असती."

भीमरावनं वही माझ्यापुढं धरली. "शेठ, चोर घावला. आता त्याचं नाव लिहा."

माझ्यानं पेन उचलवेना. म्हणून तुम्हाला विनंती, वहीत गाडी किती चालली, किती प्याली, तेवढंच खरं लिहा. संशय लिहू नका.