आभाराची मिस्सा

आम्ही सांडोर गावच्याच. बाबांची केळीची वाडी, आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, शाळेच्या ग्रंथालयात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले, लग्न केलं नाही. फिलोमिना वाडीत रमली. तिचा नवरा गेल्यावर आम्ही दोघीच घरात. काय सांगू तुम्हाला, अख्ख्या गावाची दुखणी ती विचारायची, स्वतःचं मात्र कधी बोलायची नाही.

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तिला पुन्हा अंगावरून जाऊ लागलं. मला म्हणते, बाय, मी परत तरणी झाले, बघ एखादं स्थळ. मी ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेली. सोनोग्राफीत गाठ दिसली, साधी वाटते म्हणाल्या, पिशवीतलं अस्तर खरवडून तपासायला पाठवलं. रिपोर्ट स्वच्छ आला. बाई म्हणाल्या, तरी पुन्हा गेलं तर लगेच या. ते मी ऐकलं, पण आनंदाच्या भरात ऐकलं.

आणि मी काय केलं, तर चर्चमध्ये आभाराची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सांगितली. हट्ट माझाच. फादरांनी वेदीवरून तिचं नाव घेतलं, बाहेर बायकांनी तिचे हात धरले, वाडीतला केळ्यांचा मोठ्यात मोठा लोंगर तिने चर्चला दिला.

दोन आठवड्यांत पुन्हा जाऊ लागलं. बोलली नाही. पाच महिने बोलली नाही. पोट फुगलेलं दिसलं तेव्हा मला कळलं. मी चिडले, का गं लपवलंस? तर म्हणते, आभार मानून झाले होते ना बाय, आता कुठल्या तोंडाने सांगू, देवाला दिलेलं परत घेतात का?

ऑपरेशन करून पिशवी काढली, तेव्हा नाव कळलं. लायोमायोसार्कोमा. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पिशवीला आतून अस्तर असतं आणि त्यामागे स्नायूची जाड भिंत, बहुतेक बायकांचा पिशवीचा कर्करोग अस्तरात होतो, हिचा भिंतीत झाला होता, असा क्वचित होतो, आणि साध्या गाठीसारखाच दिसतो. रिपोर्ट खोटा नव्हता. तो अस्तराबद्दल बोलत होता, आम्ही तो सगळ्या फिलोमिनाबद्दल समजलो.

पाच महिने आधी आलो असतो तर? मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ठाम नाही सांगता येत. तोवर कर्करोग फुप्फुसात गेला होता. गेल्या आगमनकाळात, नाताळच्या आधी, ती गेली.

ठाम नाही सांगता येत, त्या वाक्यासोबत मी राहते. त्या आजाराबद्दल खूप वाचलं. थकले आता.

फिलोमिनाला काय झालं होतं विचारलं, की मी नुसतं पिशवीचं एवढंच म्हणायचे. परवा शेजारची कार्मेल आली, तिला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं, मिस्सेसकट. मध्येच ती रडायला लागली. मला वाटलं, फिलोमिनासाठी. तर म्हणते, बाय, मलापण दोन महिने अंगावरून जातंय, घरात कुणाला ठाऊक नाही.

उद्या आम्ही दोघी जातोय डॉक्टरीणबाईंकडे. साधं काही असेल, नसेलही. फिलोमिनाची माफी मागायची राहूनच गेली. देव तुमच्या घरच्या बायकांना बोलतं ठेवो.