वाढत्या अंगाचे कपडे

मी, खाली सही करणारी, वय ६१ वर्षे, धंदा लहान मुलांचे कपडे शिवणे, राहणार बस डेपोमागची गल्ली, इस्त्रीच्या दुकानावरचा मजला, विमानतळाच्या पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. घरातच दोन मशिनी आहेत. गल्लीत मला शिवणकाकू म्हणतात. मोठ्या माणसांचे कपडे मी शिवत नाही, कारण त्यांची कटकट मला सहन होत नाही.

आज सकाळच्या विमानाने मी भाचीकडे यायला निघाले. सुरक्षा तपासणीत माझी दोरा कापायची छोटी कात्री काढून घेतली. एवढ्याशा कात्रीने मी विमान पळवणार आहे का, असे मी तिथल्या मुलीला विचारले, ते तिला आवडले नाही. जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस मॅडम म्हणतात की कात्रीचा विषय या जबाबात नको. तरी लिहावा, कारण खरा संशयित इसम माझ्या पुढेच रांगेत होता आणि त्याला कोणी अडवले नाही.

सदर इसम मला आधी सामान देण्याच्या रांगेत दिसला होता. वय अंदाजे चाळीस, उन्हाने रापलेला. कडेवर एक तान्हे, ते सारखे रडत होते. हाताशी एक मुलगा. आणि चार हात मागे एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी, ओळख नसल्यासारखी उभी. तान्हे त्याच्या खांद्यावरून तिच्याकडे झेपावत होते. काउंटरवरच्या माणसाने मुलाचे वय विचारले. सदर इसम म्हणाला, "चार." मुलगा ओरडला, "मी सहाचा आहे!" इसम हसला आणि म्हणाला, "हो हो, सहा." तिकीट वाचवायला वय चोरणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण इथे चार काय नि सहा काय, तिकीट सारखेच होते. म्हणजे त्याला वय खरोखरच माहीत नव्हते. तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग मी कपडे बघितले. तिघांचेही कोरे, घडीच्या रेषासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. मुलाच्या बाह्या मनगटाच्या वर आणि पोटाशी बटण ताणलेले. मुलीला स्वेटरखाली फीत लोंबणारा फ्रॉक, जो अकराव्या वर्षीच लहान व्हावा. तान्ह्याला मात्र एवढे मोठे कपडे की दोन मावतील. मी चाळीस वर्षे एकच वाक्य ऐकत आले आहे: "काकू, वाढत्या अंगाचं शिवा हं." गरीब असो, श्रीमंत असो, ज्याचे मूल आहे तो मोठेच माप मागतो. लहान माप कोणी घेत नाही. ज्याने हे कपडे आणले त्याने ही मुले कधी पाहिलेलीच नाहीत, अशी माझी खात्री झाली.

विमानात सदर इसम, मुलगा व तान्हे माझ्या पलीकडच्या ओळीत आणि मुलगी माझ्या शेजारी आली. तिने स्वतः ही जागा मागितली. विमान वर चढताना तान्ह्याचे कान दुखत असणार, ते किंचाळत होते. अशा वेळी तोंडात बाटली द्यायची असते, म्हणजे गिळून कान मोकळे होतात. बाटली मुलीजवळच्या पिशवीत होती. त्याला ठाऊकच नव्हते. मुलीने ती पुढे केली. मुलगा पुढच्या सीटला लाथा मारत होता, मध्येच म्हणाला, "अहो, मला खिडकी पाहिजे." पोटचे पोर बापाला अहो म्हणून हाक मारते का, ते मॅडमनीच सांगावे.

मुलीने अंगातला स्वेटर गळ्यापर्यंत बंद केला होता. विमान उभे असताना आत घामाच्या धारा लागल्या होत्या. मी म्हटले, "काढ गं तो, उकडतंय." तिने दोन्ही हातांनी स्वेटर घट्ट धरला. मी मागून कॉलर जराशी सरकवायला गेले तर दचकून सीटला पाठ चिकटवून बसली. पाठीवर वळ असणार, हे मी तेव्हाच ओळखले. मग मी हळूच विचारले, "ते तुझे बाबा का गं?" ती म्हणाली, "असं म्हणतात ते." "आणि आई?" "तिकडे." "तिकडे म्हणजे कुठे?" ती पलीकडच्या तान्ह्याकडे बघू लागली.

मी उठले आणि मागे जाऊन हवाई सुंदरीला सांगितले की हा माणूस तीन मुले पळवून नेत आहे. ती म्हणाली, "काकू, कागद तपासलेले असतात." मी म्हटले, "कागदाला माप नसतं, कपड्याला असतं." ती वैमानिकाकडे गेली. उतरल्यावर दारात पोलीस उभे होते. मी माझे कर्तव्य केले. शेजारचे प्रवासी माझ्याकडे रागाने बघत होते, बघू देत.

पोलीस ठाण्यात मॅडमनी माझ्यासमोर सदर इसमास मुलांची वये विचारली. तो म्हणाला, "अकरा, चार आणि... हा लहान." मॅडमनी मुलीला विचारले, "हे तुझे कोण?" ती फरशीकडे बघत राहिली. सदर इसम हात जोडून म्हणाला, "अगं, सांग ना." तिने स्वेटर आणखी घट्ट धरला. मी मॅडमकडे बघितले. मला वाटले, झाले, पकडला.

येथे जबाब थांबवून फोन लावण्यात आला. पुढे विचारल्यावरून सांगते की, सदर इसमाने दिलेल्या नंबरावर मॅडमनी फोन केला व तो स्पीकरवर ठेवला. फोन एका हॉस्पिटलमध्ये लागला. नर्सने तो एका बाईला दिला. तिचा आवाज खोल गेलेला होता. ती म्हणाली, "अहो, कुठे राहिलात? मला आता ऑपरेशनला आत घेतील. त्याआधी एकदा पोरांना बघू दे." मुलगा फोनकडे धावला, "आई!" म्हणाला. तान्हेसुद्धा आवाज ऐकून रडायचे थांबले.

मॅडमनी तिला विचारले, "हे तुमचे पती आहेत का?" ती म्हणाली, "हो. जहाजावर आचारी आहेत. दोन वर्षांनी काल आलेत. धाकट्याला तर काल पहिल्यांदा बघितलं त्यांनी." मग मॅडमनी कपड्यांचे विचारले, कारण तो माझा मुद्दा होता. ती बाई म्हणाली, "त्यांनीच आणलेत हो, वाटेत कुठल्याशा बंदरावर घेतलेत. निघताना पोरं जेवढी होती तेवढ्या मापाचे. मीच थोरलीला फोनवर सांगितलंय, आजचा दिवस घाल, पाठीची चेन लागत नसली तर वरून स्वेटर घाल, पण बाबांना कळू देऊ नकोस."

फोन स्पीकरवर होता. ते सगळ्यांनी ऐकले. मुलांच्या वडिलांनीही ऐकले. त्यांनी मुलीच्या स्वेटरकडे बघितले आणि मग भिंतीकडे तोंड केले. मुलीने माझ्याकडे असे बघितले की मला या वयात कुठे तोंड लपवावे ते कळेना. मी म्हटले, "आण बाळ, मी चेन उसवून आत पट्टी लावून देते." पण माझी कात्री नव्हती, आणि तयार कपड्यांत आत शिल्लक कापड सोडतच नाहीत.

मॅडम म्हणाल्या, नोंद पुरी करायला वये पुन्हा सांगा. मुलांचे वडील भिंतीकडे बघतच म्हणाले, "तेरा. सहा. हा सव्वा वर्षाचा." मुलगी पुढे आली, त्यांच्या कडेवरचे तान्हे तिने घेतले आणि म्हणाली, "साडेतेरा, बाबा."

त्यांना पोलिसांच्याच गाडीतून हॉस्पिटलात पाठवले. गाडी सुटली तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते. वेळेत पोचले का, हे मी इथे तीनदा विचारले. अजून कोणी सांगितलेले नाही. माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. कात्रीचीही नाही.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. सदर इसम असे जिथे जिथे आले आहे तिथे मुलांचे वडील असे करा, अशी मी विनंती केली. मॅडम म्हणाल्या, एकदा सांगितलेले बदलता येत नाही. म्हणून लिहून देते की, जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. तो खरा नाही.